बारा ते सोळा: काय वाचावं, काय ऐकावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मी दर शनिवारी संध्याकाळी बसते. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, एक नोंदवही. पुस्तक बदलायला आलेले आईबाप, आजीआजोबा टेबलापाशी थांबतात आणि बारा ते सोळा वर्षांच्या मुलांबद्दल जवळजवळ तेच ते प्रश्न विचारतात. मे महिन्यात तर रांगच लागते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी स्वतः वाचलेलं, ऐकलेलं आणि निदान एका मुलाच्या किंवा मुलीच्या हातात देऊन पाहिलेलं, एवढंच यात आहे.

पुस्तकं विचारायला आलो की तुम्ही गाणीही सांगता. का?

कारण या वयात पुस्तकाच्या वाट्याला फार तर तासभर येतो, कान मात्र दिवसभर चालू असतात. क्लासला जाताना, अंघोळीला जाताना, गणितं सोडवताना, सतत काहीतरी वाजत असतं. एखाद्या पुस्तकाच्या मुलखातलं, काळातलं किंवा स्वभावाचं गाणं त्या कानात जाऊन बसलं, तर पुस्तक मिटल्यावरही मुलाच्या आसपास राहतं. उलटही होतं. गाणं आवडलं म्हणून पुस्तक मागायला आलेली मुलं माझ्या वहीत आहेत.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. दहा वर्षांपर्यंत मराठी मुलांसाठी बडबडगीतं, बालगीतं, चित्रांची पुस्तकं बऱ्यापैकी मिळतात. मग मध्ये मोकळं रान लागतं आणि त्यापलीकडे एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलं मराठी सोडतात ती या रानातच. प्रत्यक्षात तिथे वाटा आहेत, फक्त पाट्या नाहीत.

‘श्यामची आई’, ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’ यादीत का नाहीत?

ती तुम्हाला माहीत आहेत. कपाटात आहेत, खुशाल न्या. मला विचारता आहात तर तुमच्या कानावर न पडलेलं सांगते.

आमच्या मुलाने मराठी पुस्तक कधी पूर्ण वाचलेलंच नाही. पहिलं कोणतं द्यावं?

प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. चारही पुस्तकांत लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी आहेत. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहायला आलेला हा मुलगा. शेजारची सुमी, शाळा, तळं, रेल्वेचे रूळ, आणि डोक्यात सतत चाललेली गडबड. काहीही झालं की त्याला ते ‘मॅडसारखं’ होतं, आणि कुठलीही गोष्ट मोजायची तर तो असे अचाट आकडे घेतो की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही.

एक अडचण सांगून ठेवते. भाषा बेळगावकडची आहे, कानडीच्या हेलाची. पुण्यातला एक तेरा वर्षांचा मुलगा वीस पानांवर पुस्तक परत घेऊन आला. “काकू, हे लोक बोलतात काय तेच कळत नाही.” माझं आजोळ बेळगावचं. मी त्याला समोर बसवलं आणि दोन पानं आजीच्या हेलात वाचून दाखवली. शब्दाचं शेपूट कुठे लांबवायचं, वाक्य कुठे वर न्यायचं, एवढंच. अर्थ एकाही शब्दाचा सांगितला नाही. तो पुस्तक घेऊन परत गेला. पुढच्या शनिवारी लिफ्टमध्ये भेटला तेव्हा बहिणीला म्हणत होता, “मॅडसारखी भूक लागलीय.” तेव्हा माझी विनंती एवढीच: पहिली दहा पानं तुम्ही मोठ्याने वाचा. पुढचं पुस्तक स्वतः करतं.

जोडीला कुमार गंधर्व. त्यांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, म्हणजे लंपनच्याच मुलखातला. अकरा-बारा वर्षांचा असताना या मुलाने मुंबईत जाणत्यांच्या मैफलीत गाऊन सगळ्यांना थक्क केलं. पुढे क्षयाने गाठलं. हवापालट म्हणून देवासला जाऊन राहिले, गाण्याला काही वर्षं सक्त मनाई. त्या सक्तीच्या शांततेत खिडकीबाहेरून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत राहिली आणि बरे होऊन उठले तेव्हा गाणंच बदललं होतं. मुलांना आधी ही हकीकत सांगा, मग ‘गीत वर्षा’ लावा. पावसाची गाणी आहेत. जूनच्या पहिल्या सरीला लावली तर फारच उत्तम. मोठे राग नंतर.

‘शारदा संगीत’च्या शीर्षककथेत लंपन स्वतः गाण्याच्या शाळेत जातो. कुमारांचा आवाज कानात असताना ही कथा वाचणाऱ्या मुलांचा मला हेवा वाटतो.

मुलीला अंतराळ, विज्ञान याशिवाय काही नको असतं. मराठीत आहे का काही?

आहे, आणि पहिल्या प्रतीचं आहे.

जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा. मुलांना सांगायची एक खरी गोष्ट: १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी फिरवून केलेलं नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. जगाला माहीत असलेला शास्त्रज्ञ स्वतःचं नाव बाजूला ठेवून स्पर्धेत उतरतो, हे मुलांना फार आवडतं. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आधी द्या. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एक इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपतची लढाई मराठे जिंकलेले आहेत. सीबीएसईच्या मुलांना अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ही गोष्ट धडा म्हणून भेटते. मूळ मराठीत आधी वाचून झाली असेल तर त्या वर्गात ताठ मानेने बसता येतं.

दुसरं पुस्तक भा. रा. भागवतांचं, पण फास्टर फेणेचं नव्हे. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, त्यातलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जाताना जमिनीचा तुकडा माणसांसकट उचलून नेतो. मूळ कादंबरी १८७७ सालची. भागवतांचं मराठी असं धावतं की हे भाषांतर आहे याचा विसर पडतो. ‘शेंडेनक्षत्र’ हा शब्द तरी किती सुंदर. मुलांना तो नुसता म्हणायलाही आवडतो.

आता गाणं. मूळ कादंबरीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेच्या नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. पुढेमागे कुणाला यान सापडलंच, तर पृथ्वीवर काय ऐकू येत होतं ते कळावं म्हणून. त्या तबकडीवर भारतातलं एकच गाणं आहे: केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांच्या आसपासची. केसरबाई गोव्याच्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ‘व्हॉयेजर-१’ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावाचं क्षेत्र ओलांडून ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत शिरलं. आवाज घेऊन.

एका शनिवारी टेबलावर मोबाइल ठेवून मी हे चार मुलांना ऐकवलं. आधी काही सांगितलं नाही. सुरुवातीला जुन्या तव्याची खरखर, मग तो रुंद, भरदार, कुठेही न अडखळणारा आवाज. पहिल्या मिनिटाला दोघं चुळबुळ करत होते. गाणं संपल्यावर मी म्हटलं, “हे आत्ता सूर्यमालेच्या बाहेर आहे.” कुणीच काही बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, “परत लावा ना.” दुसऱ्यांदा ऐकताना चौघंही हलली नाहीत. त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांमधली अभिवादनं आहेत, त्यांत मराठीही आहे. तेही शोधून ऐकवा. ‘नमस्कार’ हा शब्द तिथून ऐकू आला की अंगावर काटा येतो.

ती फक्त इंग्रजी वाचते. मराठी पुस्तक बघितलं की तोंड फिरवते.

इंग्रजी वाचते ना, मग वाचनाची सवय आहे. अर्धं काम झालेलं आहे. अशा मुलींना मी मराठीतली भाषांतरं देते, कारण त्यांना मुळात गोष्ट हवी असते.

रहस्यकथा आवडत असतील तर फेलुदा. सत्यजित राय यांनी १९६५ पासून बंगालीत लिहिलेल्या या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या. छोटी छोटी पुस्तकं आहेत, एका बैठकीत एक संपतं. फेलुदा हुशार, त्याचा मावस-चुलत गोतावळ्यातला धाकटा भाऊ तोपशे गोष्ट सांगणारा, आणि सोबत जटायू या नावाने थरारक कादंबऱ्या लिहिणारे भाबडे लालमोहनबाबू. मी आधी ‘कैलासातील कारस्थान’ देते, कारण देवळांतली शिल्पं चोरणाऱ्या टोळीचा माग काढत ही मंडळी थेट आपल्या वेरूळला येतात. शाळेच्या सहलीत वेरूळ पाहिलेलं असेल तर मजा दुप्पट.

राय आपल्या बहुतेक चित्रपटांचं संगीत स्वतः करत, हे मुलांना माहीत नसतं. फेलुदाच्या ‘सोनार केल्ला’ या १९७४ च्या चित्रपटाचं संगीत ऐका. त्यात रात्रीच्या रामदेवरा स्टेशनवर राजस्थानी लोकगायक गात बसलेले आहेत. वाळवंटातली थंडी, शेकोटी आणि तो खडा आवाज. बंगाली कळायची गरज पडत नाही.

भावंडांच्या, घरातल्या गोष्टी आवडत असतील तर शान्ता शेळके यांचं ‘चौघीजणी’. ‘लिटल विमेन’ इंग्रजीत वाचलेली मुलगी मुद्दाम दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचते, असं मी पाहिलं आहे. आणि शाळेचा कंटाळा आलेल्या कुणालाही ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा असते म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही.

शास्त्रीय संगीत लावलं की मुलं उठून जातात.

तासाभराचा ख्याल लावलात तर जातीलच. तीन मिनिटांचं लावा.

पूर्वी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यामुळे थोर गवयांना आपलं म्हणणं तेवढ्यात मांडावं लागे. आजच्या गाण्यांची लांबीही तितकीच असते, म्हणून मुलांना ते परकं वाटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी लावा. मिरज त्यांची कर्मभूमी, आजही तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जमलं तर मुलांना घेऊन एकदा तिथल्या कारागिरांची गल्ली बघून या. सुकवलेला भोपळा अर्धा कापून ठेवलेला असतो, बाजूला लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. वाद्य होण्याआधीचं वाद्य दिसतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्याही ऐका. इतका स्वच्छ, शांत आवाज परीक्षेच्या दिवसांत तर औषधासारखा आहे.

शब्दच नको म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गोविंदराव पटवर्धनांची पेटी: नाट्यगीत वाजवतात तेव्हा शब्द ऐकू आल्यासारखे वाटतात. आणि सोलापूरच्या जाधव घराण्याची सुंदरी. सनईची धाकटी बहीण म्हणावी असं हे इवलंसं वाद्य, नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. आवाज सनईहून पातळ, गोड. लग्नाच्या मांडवापलीकडे हे वाद्य काय करू शकतं ते ऐकाच.

मुलगा ट्रेकला जातो, घरात टिकत नाही. त्याच्यासाठी काही?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न.

गो. नी. दांडेकरांचं ‘माचीवरला बुधा’ सॅकच्या वरच्या कप्प्यात बसतं. मुंबईचं जगणं सोडून एक म्हातारा आपल्या जन्मगावी, राजमाचीच्या माचीवर परत जातो. झाडं, पाखरं, पाऊस, एकटेपण. घडत फार काही नाही, म्हणून घरी पंख्याखाली वाचलं तर मुलं कंटाळतात. राजमाचीला मुक्कामाला जाऊन, श्रीवर्धन आणि मनरंजन ही दोन्ही शिखरं पाय दुखेपर्यंत चढून, मग रात्री टॉर्चच्या उजेडात वाचा. माझ्या भाच्याने तसं केलं. पुस्तक परत करताना त्याची कडा ओलीने फुगलेली होती आणि मधल्या पानात मातीचा अंगठा उमटलेला. मी ते पान तसंच ठेवलं आहे.

दांडेकरांचंच ‘जैत रे जैत’. चित्रपटाची गाणी आईवडिलांना पाठ असतात, पण हे मुळात पुस्तक आहे याचा पत्ताच नसतो. ठाकरवाडीतला ढोलिया नाग्या आणि लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी यांचं वैर. आधी पुस्तक, मग १९७७ च्या चित्रपटातली ना. धों. महानोर आणि हृदयनाथ मंगेशकर यांची सगळी गाणी ओळीने, नेहमीची दोन-तीन सोडून. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे आवाज ज्यात आहेत त्या छोट्या छोट्या गाण्यांमध्ये डोंगराचा दगड हाताला लागतो.

प्राण्यांची आवड असेल आणि वय चौदाच्या पुढे असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची लढाई. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, जेमतेम शंभर पानांच्या घरातली कादंबरी. यात पिल्लांचाही बळी जातो. निसर्गात तसं घडतं आणि लेखकाने ते लपवलेलं नाही. हळव्या मुलांना आधी सांगून द्या.

आणि याच डोंगरांतलं संगीत म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मुळशीच्या खोऱ्यातून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना, कुणी ऐकत नाही या भरवशावर बायका जे बोलल्या ते सगळं त्यात आहे: माहेर, भाऊ, सासूचा जाच, पाऊस, विठ्ठल. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या तर प्रत्येक मराठी मुलाच्या कानावर गेल्याच पाहिजेत. हा सगळा ठेवा ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतो, शब्दही सोबत वाचता येतात. जात्याची घरघर हेच तालवाद्य. एकदा डोळे मिटून ऐका.

तो फक्त रॅप ऐकतो. त्याला काय सांगणार?

मराठी रॅप सांगा. अमरावतीचा एक रॅपर आपलं नाव इंग्रजीत १०० हा आकडा आणि पुढे तीन अक्षरं असं लिहितो. शंभर म्हणजे सौ, म्हणून वाचायचं ‘सौरभ’. वऱ्हाडीत असा काही ठसक्यात बोलतो की पुण्यामुंबईच्या मुलांना आपलं मराठी मिळमिळीत वाटायला लागतं. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाचं २०१९ मधलं ‘द वारली रिव्होल्ट’ आरेच्या जंगलावर आहे आणि त्यात आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर गातात.

इथून शाहिरीकडे जायला एकच पायरी. संभाजी भगत यांची गाणी ऐकवा. २०१४ च्या ‘कोर्ट’ चित्रपटातली गाणी त्यांचीच. मग अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावाकडे राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या धाटणीचं गाणं. मुंबईला पोटासाठी आलेला गडी गावाकडच्या बायकोच्या आठवणीने झुरतो, आणि ऐकता ऐकता ती ताटातूट संयुक्त महाराष्ट्राची होऊन जाते. घोषणेचं गाणं आणि विरहाचं गाणं एकाच दमात. चांगल्या रॅपरला जे साधायचं असतं तेच हे, हे मुलांना पटकन कळतं. मला समजवावं लागलं नाही.

पुस्तकं दोन. अण्णा भाऊंची ‘फकिरा’, १९५९ ची. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी भिडणारा नायक. घोड्यावरची दृश्यं अशी आहेत की पान उलटायला वेळ लावता येत नाही. आणि अरुण साधूंची ‘झिपऱ्या’: मुंबईच्या लोकल स्टेशनांवर बूटपॉलिश करणारी पोरं, त्यांची टोळी, त्यांची इमानदारी. दोन्ही पंधराच्या पुढे.

‘शाळा’ द्यावी का? त्यात प्रेमाचं आहे म्हणे.

नववीतल्या मुलाला नववीतल्या मुलाची गोष्ट द्यावी का, असाच हा प्रश्न आहे. माझं उत्तर हो. मिलिंद बोकिलांच्या या कादंबरीत आणीबाणीचे दिवस आहेत, मित्रांच्या तोंडच्या शिव्या आहेत, वर्गातल्या शिरोडकर नावाच्या मुलीसाठी वेडा झालेला मुकुंद आहे. तुमच्या घरातही तेवढ्याच गोष्टी आहेत, फक्त तुमच्यासमोर बोलल्या जात नाहीत. चौदा पूर्ण झाली की द्या. मुलगा वाचत असताना मागे उभे राहू नका आणि संपल्यावर “काय कळलं?” विचारू नका.

दहावीची परीक्षा झाली. मोठी सुट्टी आहे. एकच पुस्तक सांगा.

‘रारंगढांग’. प्रभाकर पेंढारकर. विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण इंजिनिअर मुंबईतली सुखाची वाट सोडून हिमालयात सैन्यासाठी रस्ते बांधायला जातो. कोसळणारा कडा, सुरुंग, सोबत काम करणारे मजूर, आणि नियम मोठा की माणूस हा प्रश्न. शेवटी लष्करी खटला. सोळाव्या वर्षी, पुढे काय करायचं ते ठरत नसताना हे पुस्तक वाचणं म्हणजे मोठ्या भावाशी रात्रभर गप्पा मारण्यासारखं आहे. वाचताना मागे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हळू आवाजात लावा. १९६७ सालचं शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या धनगराचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. शब्द नसल्याने वाचनाच्या आड येत नाही.

गोव्याचं काही? आम्ही मूळचे तिकडचे.

लॉर्ना. क्रिस पेरींची ट्रम्पेट आणि लॉर्ना कोर्देरोंचा खर्जातला, झोकात हेलकावणारा आवाज. साठ-सत्तरच्या दशकांतली ही कोंकणी गाणी जॅझच्या ठेक्यावर आहेत. ‘बेबदो’ लावा आणि घरात कोण नाचत नाही ते बघा. मराठी घरांत ही गाणी पोचलीच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. कोंकणी निम्मी तरी समजतेच. २०१४ चा ‘नाचूंया कुंपासार’ हा चित्रपट याच गाण्यांवर उभा आहे. याला जोडीचं पुस्तक मात्र मला अजून मिळालेलं नाही.

हे सगळं मिळणार कुठे? दुकानात विचारलं तर ‘संपलंय’ म्हणतात.

खरं आहे. मलाही एका मोठ्या दुकानात ‘किशोरांच्या मराठी पुस्तकांना गिऱ्हाईक नाही’ असं तोंडावर सांगितलं होतं, आणि त्याच वेळी माझ्यामागे एक आई आपल्या मुलीसाठी तेच विचारायला उभी होती.

अप्पा बळवंत चौकात पायी फिरा, ऑनलाइन बुकगंगावर शोधा, जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांत हात घाला. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात बहुतेक पुस्तकं असतात, कपाटात मागच्या रांगेत. ग्रंथपालांना नाव घेऊन विचारा. फुकट हवं असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक: १९७१ पासूनचे अंक त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. सत्तरच्या दशकातले अंक काढून बघा, चित्रं आणि छपाई बघूनच मुलं थांबतात. ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक दरवर्षी घ्या, खिशाला जड नाही. जुन्या तबकड्यांसाठी ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’, भावगीतांचे शब्द हवे असतील तर ‘आठवणीतली गाणी’.

आम्ही परदेशात असतो. मुलांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

मग कानापासून सुरू करा. स्टोरीटेलवर मराठी ऐकायची पुस्तकं भरपूर आहेत. गाडीतल्या वेळेचा उपयोग होतो. तुमच्या गावातल्या मंडळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पुस्तकांची पेटी येते का विचारा, दुबईपर्यंत त्या पेट्या पोचल्या आहेत. आणि आजीआजोबांना व्हिडिओ कॉलवर रोज लंपनची दोन पानं वाचायला सांगा. आजीला हेल शिकवावा लागत नाही.

दिलं, पण त्याने उघडलंही नाही.

पुस्तक घरात दिसेल अशा जागी ठेवा आणि त्याबद्दल बोलू नका. महिनाभर वाट बघा. एका वेळी एकच पुस्तक, एकच गाणं. पाच पुस्तकांचा गठ्ठा दिसला की तो अभ्यास वाटतो. नाहीच उघडलं तर परत आणा, दंड नाही. मी दुसरं देते. आठवड्याभराने तेच मूल एकटं येऊन म्हणतं, “काकू, ते मागचं आहे का अजून?” म्हणून परत आलेली पुस्तकं मी लगेच कपाटात लावत नाही, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पंधरा दिवस ठेवते. शनिवारी साडेपाच ते साडेसात. मुलांना एकटंच पाठवलंत तर जास्त बरं.